वेल्सचा इतिहास वर्गात शिकवताना: कोणतं साहित्य, कसं वापरायचं, कुठे फसतं

टोलनाका (धागालेखक)

११ ते १४ वयाच्या मुलांना वेल्सचा आणि त्या ओघात ब्रिटनचा इतिहास शिकवताना वर्गात खरोखर चालणारं साहित्य या धाग्यावर गोळा करू या. वेल्समध्ये २०२२ पासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम आला. इतिहास, भूगोल, धर्म-मूल्यशिक्षण हे सगळं मानव्यविद्येच्या एका छत्राखाली गेलं, आणि सुरुवात आपल्या परिसरापासून करा असं सांगितलं गेलं. परिसराला तिथला शब्द 'कनेविन'. मेंढ्यांच्या सवयीच्या चराईलाही तोच शब्द वापरतात. पण कोणती प्रकरणं शिकवायची याची सक्तीची यादी नाही, त्यामुळे शिक्षकाने स्वतःच साहित्य बांधायचं. इंग्लंडच्या २०१४ च्या अभ्यासक्रमात यादी आहे, पण तिच्यात वेल्स मुख्यतः 'जिंकलेला मुलूख' म्हणून येतो. बाजारातल्या बऱ्याच पुस्तकांत 'ब्रिटनचा इतिहास' म्हणजे इंग्लंडचा इतिहास आणि पानाच्या कोपऱ्यात वेल्सची चौकट.

नुसत्या लिंका नकोत. मुलांच्या हातात काय द्यायचं, किती मिनिटं लागतात आणि कुठे गाडी घसरते, हे लिहा. सुरुवात मीच करतो.

रिबेका दंगे, १८३९ ते १८४३, चार तासिका. नैऋत्य वेल्समधले शेतकरी बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून रात्री टोलनाके फोडत. पहिला नाका एवाइलवेनचा, १३ मे १८३९. 'रिबेका' हे नाव बायबलमधून, उत्पत्ती २४:६०: तुझी संतती शत्रूंच्या वेशी ताब्यात घेवो.

तासिका १, नाक्यांचा खेळ. दोन खुर्च्या आणि सुतळी म्हणजे एक नाका, असे पाच. प्रत्येक नाक्यावर एक मूल वसुलीला. बाकीची मुलं चार-चारच्या गटात, प्रत्येक गट म्हणजे एक शेतकरी कुटुंब. पैशांना वाटाणे किंवा राजमा, एक दाणा एक पेनी. प्रत्येक गटाला ३० दाणे आणि 'चुन्याची गाडी' असं कार्ड. तिथली जमीन आंबट, चुना घातल्याशिवाय पीक नाही, आणि चुना भट्टीवरून गाडीने आणावा लागे. हे आधी सांगितलं नाही तर मुलं विचारतात, "मग घरीच बसायचं ना!"

फेरी १: वाटेत एकच नाका, टोल ४ दाणे. फेरी २: पाचही नाके, एकूण २०. हे वाढीव नाके आडवाटांवरचे. मुख्य नाका चुकवून जाणाऱ्यांना पकडायला टोलच्या ठेकेदारांनी ते उभे केले होते. फेरी ३: टोल तोच, पण हातात दाणे ३० ऐवजी २२, कारण १८४२-४३ मध्ये गुरांचे भाव पडले. २० टोलात गेले, उरले २. मग 'चर्चचा दशांश, ६ दाणे, रोख' हे कार्ड पुढे करा. वर्ग आपोआप ओरडतो. परतीचा टोल धरू नका. हे आकडे खेळापुरते आहेत, ऐतिहासिक दर नाहीत, हे फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर परीक्षेत 'टोल ४ पेन्स होता' असं उत्तर येतं. खेळ २५ मिनिटं, उरलेल्या वेळात प्रत्येकाने एकच वाक्य लिहायचं: कोणत्या क्षणी वाटलं की आता पुरे?

तासिका २, कारणांचा पत्त्यांचा डाव. नऊ कार्डं: आडवाटांवरचे नाके, चुन्यावरचा टोल, १८३४ चा गरिबांचा कायदा, १८३६ मध्ये दशांश रोखीत बदलणं, खराब पीक, गुरांचे पडलेले भाव, जमिनीचा वाढलेला खंड, इंग्रजी बोलणारे जमीनदार-न्यायाधीश, टोलचे ठेकेदार. १-२-३-२-१ अशी रचना करायची, सर्वांत वर सर्वांत वजनदार कारण. ही तासिका गाळली की खेळाचा तोटाच होतो, कारण मुलांच्या डोक्यात 'टोल म्हणून दंगा' एवढंच पक्कं बसतं. १९ जून १८४३ ला कारमार्दनमध्ये जमाव टोलनाक्यावर नव्हे, गरीबखान्यावर, म्हणजे १८३४ च्या कायद्याने गरिबांना जिथे ठेवत त्या जागेवर, चालून गेला. ही एक ओळ दाखवली की अर्धे गट पत्ते पुन्हा लावायला घेतात.

तासिका ३, हेंडी. सप्टेंबर १८४३ मध्ये हेंडीच्या नाक्यावरची सत्तरी ओलांडलेली राखणदार सेरा विल्यम्स मारली गेली. चौकशीच्या पंचांनी छातीत रक्तस्राव झाला, पण त्याचं कारण आम्हाला ठाऊक नाही, असा निकाल दिला. मुलांना फक्त एवढंच द्या आणि विचारा: पंचांना खरंच ठाऊक नव्हतं का? १५ मिनिटं शांत लेखन. रिबेकाला सरसकट 'शूर वीर' करून टाकण्यावर याहून चांगला उतारा नाही.

तासिका ४, परिणाम. चौकशी आयोग आणि १८४४ चा कायदा.

---

शेवंतीची_फुलं

खेळ छान आहे. पण एक शंका: १८४४ नंतर टोल बंद झाले, म्हणजे दंगा जिंकला, असं सांगायचं ना?

---

टोलनाका

नाही, इथेच घसरतं. टोल बंद नाही झाले. रस्ते सांभाळून टोल घेणारे वेगवेगळे टोल-न्यास एकत्र करून जिल्हावार रस्ते मंडळं झाली, दर सारखे केले आणि चुन्यावरचा टोल निम्म्यावर आला. 'जिंकले की हरले' असं विचारलं की उत्तर एका शब्दात येतं. त्यापेक्षा तासिका २ ची तीच नऊ कार्डं परत द्या आणि विचारा, यांतली कोणती तक्रार १८४४ ने मिटवली? दोन-तीनच बाजूला पडतात. बाकीचे पत्ते टेबलावर तसेच राहतात, आणि ते मुलांना डोळ्यांनी दिसतं.

---

दगडी_पाटी

मूळ वर्तमानपत्रांबद्दल. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१९ पर्यंतची वेल्श वर्तमानपत्रं, दहा लाखांवर पानं, फुकट खुली केली आहेत. रिबेकासाठी कारमार्दनचं 'द वेल्शमन' उपयोगी. पण शोध घेताना तीन गोष्टी सांभाळा.

एक, अक्षरओळख यंत्राने केलेली आहे. फिकट छपाई असली की नावं बिघडतात. नाव सापडलं नाही तर गावाचं नाव आणि महिना टाकून शोधा.

दोन, वेल्श भाषेतली पानं शोधायची तर शब्दाचं तोंड बदलतं हे लक्षात घ्या. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं शेपूट बदलतं, घर-घरात-घराला. वेल्शमध्ये आधीच्या शब्दामुळे पहिलं अक्षर बदलतं. टोलनाका म्हणजे 'टोलबोर्थ', पण वाक्यात तो 'डोलबोर्थ', 'थोलबोर्थ' असा येतो. देशाचं नाव 'कमरी', ते 'गमरी', 'खमरी', 'ङ्हमरी' होतं. एकाच रूपाने शोधलं तर बरंच हातून निसटतं. रिबेकाचं वेल्श रूप 'बेका', एका किंवा दोन सी ने.

तीन, अख्खं पान वर्गात देऊ नका. वर्तमानपत्राचं पान बघूनच मुलं पेन खाली ठेवतात. १२० ते १५० शब्दांचा उतारा काढा, १४ च्या टंकात पुन्हा टाइप करा, अवघड शब्द पाच-सहाच, तेही बाजूच्या समासात. मात्र मूळ कात्रणाचं छोटं चित्र वर राहू द्या, नाहीतर मुलांना तो पाठ्यपुस्तकातला धडा वाटतो. उताऱ्याभोवती चार चौकोन, एकात एक: उतारा स्पष्ट काय सांगतो, त्यावरून काय अंदाज करता येतो, काय सांगत नाही, आणि आणखी कुठे बघावं लागेल. पहिल्या वेळी सर्वांत बाहेरचा चौकोन रिकामाच राहतो. राहू द्या.

चित्रांबाबत: 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' १८४२ मध्ये सुरू झालं आणि १८४३ मधलं त्यातलं नाका फोडतानाचं चित्र सगळीकडे छापलेलं असतं. ते लंडनच्या बाजारासाठी कोरलेलं आहे, रात्री नाक्यावर उभं राहून नव्हे. चित्र दाखवण्याआधी 'कोणासाठी?' हा प्रश्न फळ्यावर लिहा, नंतर लिहून काही उपयोग नाही.

---

कोळशाची_गाडी

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. वाचनखूण साठवली.

नावांच्या उच्चारांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. वेल्समध्येच वाढलेल्या मुलांसमोर चुकीचा उच्चार केला की तासिका हातातून गेलीच. चार नियमांवर ऐंशी टक्के भागतं. डब्ल्यू हा बहुतेक वेळा स्वर, 'ऊ' किंवा 'उ': दरी म्हणजे 'कूम'. एक एफ म्हणजे 'व', दोन एफ म्हणजे 'फ'. दोन डी म्हणजे इंग्रजी 'दॅट' मधला द. आणि दोन एल: जीभ 'ल' च्या जागी ठेवून नुसती हवा बाजूने सोडायची, आवाज न करता. देवनागरीत तो लिहिता येत नाही, 'ख्ल' लिहिणं ही तडजोड. सरकारी शैक्षणिक संकेतस्थळाचं नाव 'हब' नाही, 'हूब'. ऐतिहासिक वास्तू सांभाळणारं खातं 'कादू', 'कॅड्यू' नव्हे.

आता माझा विषय: सेंघेनिद, १४ ऑक्टोबर १९१३. खाणीतला स्फोट, ४३९ कामगार आणि १ बचावकर्ता गेले. ब्रिटनमधला सर्वांत मोठा खाण अपघात. एका तासिकेत बसतो. खाणीच्या व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला, कंपनीला नंतर अपिलात १० पौंड. मुलांकडून गणित करून घ्या: २४ पौंड × २४० पेन्स = ५,७६० पेन्स. भागिले ४३९. तेरा पेन्सच्या किंचित वर, म्हणजे एका माणसामागे एक शिलिंग आणि एक पेनी. त्या काळच्या वर्तमानपत्रांतही हाच हिशेब मांडला होता.

गणित संपल्यावर वर्ग गप्प होतो, आणि तिथेच थांबायचा मोह होतो. थांबू नका. दंड हा मृत्यूंसाठी नव्हता, सुरक्षा नियम मोडल्याबद्दल होता. मग दुसरा प्रश्न: वर्तमानपत्राने हा भागाकार का केला? पहिल्या प्रश्नाने चीड येते, दुसऱ्याने इतिहास सुरू होतो.

---

आणे_पै

अवांतर: पौंड-शिलिंग-पेन्स मुलांना जड जातात, कारण १९७१ नंतर शंभर पेन्सचा पौंड झाला. १ पौंड = २० शिलिंग, १ शिलिंग = १२ पेन्स, हा तक्ता भिंतीवर कायमचा लावा. आपल्याकडे जुना हिशेब माहीत असलेल्यांना सोपं आहे: १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैचा आणा. बाराची पट दोन्हीकडे होती. मराठी घरातल्या मुलांना आजी-आजोबांना विचारायला सांगता येतं, पण त्यावर पूर्ण तासिका घालवू नका, विषय भरकटेल.

---

आलेख_कागद

भाषेची जनगणना हे वेल्सच्या इतिहासातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरलेलं साहित्य. आलेखाचा कागद आणि तीन ओळी पुरतात.

वेल्श बोलणारे:
१८९१: ९,१०,२८९, म्हणजे ५४.४ टक्के
१९०१: ९,२९,८२४, म्हणजे ४९.९ टक्के
१९११: ९,७७,३६६, म्हणजे ४३.५ टक्के

कृती अशी. अर्ध्या वर्गाला फक्त संख्या द्या, अर्ध्याला फक्त टक्के. कोणाकडे काय आहे हे सांगू नका. प्रत्येकाने १९११ च्या वर्तमानपत्रासाठी एक मथळा लिहायचा. दहा मिनिटांनी मथळे फळ्यावर. एका बाजूला 'वेल्श वाढतेय', दुसऱ्या बाजूला 'वेल्श मरतेय'. दोन्ही खरे. मग तिसरी माहिती: याच काळात कोळशाच्या खोऱ्यांत इंग्लंडमधून आणि इतरत्रून माणसांचे लोंढे आले. भाजक वाढला.

त्यानंतर चौथी: फक्त वेल्श येणारे, इंग्रजी न येणारे, १८९१ मध्ये ५,०८,०३६ होते, १९११ मध्ये १,९०,२९२. वीस वर्षांत निम्म्याहून कमी. या आकड्यावर मुलं सर्वांत जास्त वेळ बोलतात, कारण 'भाषा येणं' आणि 'फक्त तीच येणं' यातला फरक त्यांनी आधी केलेला नसतो.

फसण्याच्या जागा: १८९१ मध्ये दोन वर्षांवरच्या मुलांना धरलं, १९०१ पासून तीन वर्षांवरच्या. फरक लहान, पण हुशार मूल विचारतंच. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून काढला तर संख्येची रेघ सपाट दिसते, नऊ लाखांपासून काढला तर डोंगर. दोन्ही काढून घ्या. आणि तिथल्या वर्गात 'नऊ लाख' म्हणू नका, स्वल्पविराम तीन-तीन अंकांनंतर. २०२१ चे आकडे, सुमारे ५,३८,००० आणि १७.८ टक्के, शेवटी द्या. आधी दिले तर मुलांना शेवट माहीत असतो आणि मधलं सगळं फक्त उताराची गोष्ट होते.

---

निळी_फाईल

भाषेवरून 'निळी पुस्तकं' आठवायलाच हवीत. १८४६ मध्ये वेल्समधल्या शिक्षणाची चौकशी करा अशी संसदेत मागणी झाली, मागणी करणारा खासदार स्वतः वेल्श, पण मतदारसंघ कोव्हेंट्री. तीन आयुक्त नेमले: लिंगन, सायमन्स आणि व्हॉन जॉन्सन. तिघांनाही वेल्श येत नव्हतं. १८४७ मध्ये वेल्समधल्या शिक्षणाचा अहवाल तीन खंडांत आला. शाळांच्या मोडक्या इमारती, न शिकलेले शिक्षक ही निरीक्षणं बरीचशी खरी. पण सोबत लोकांच्या, विशेषतः बायकांच्या नीतिमत्तेवर शेरे, आणि वेल्श भाषा ही प्रगतीची आडकाठी असा निष्कर्ष. वेल्समध्ये याला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात.

वर्गातली कृती: अहवालातल्या एकाच शाळेच्या वर्णनातली आठ-दहा वाक्यं निवडा, प्रत्येक वाक्य वेगळ्या पट्टीवर छापा. दोन रंगीत पेन्सिली. निरीक्षकाने डोळ्यांनी पाहिलेलं हिरवं, त्याचं मत लाल. 'खोलीत बाक तीन' हिरवं. 'मुलं मंद' लाल. गंमत अशी की बरीच वाक्यं अर्धी हिरवी, अर्धी लाल निघतात. शेवटी विचारा: तपासणी इंग्रजीत झाली आणि मुलाला इंग्रजी येत नाही, तर 'उत्तर देता आलं नाही' हे हिरवं की लाल? यावर वीस मिनिटं सहज जातात, जाऊ द्या.

सर्वांत मोठी चूक: 'वेल्श नॉट', म्हणजे वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात अडकवायची लाकडी पट्टी, ही या अहवालाने किंवा सरकारी कायद्याने आणली असं शिकवणं. असा कायदा नव्हता. पट्टी त्याआधीपासून काही शाळांत होती, आणि या अहवालातच तिचं वर्णन नापसंतीने आलं आहे. कुठे होती, कुठे नव्हती. कायदा शोधत बसण्यापेक्षा 'मग शिक्षकांनी आणि पालकांनी ती का चालू दिली' हा प्रश्न जास्त अवघड आणि जास्त खरा.

मराठी वाचकाला लगेच मेकॉलेचं फेब्रुवारी १८३५ चं टिपण आठवेल. दोन्ही शेजारी ठेवता येतात: बारा वर्षांचं अंतर, तोच सत्ताधारी वर्ग, इंग्रजीवरचा तसाच विश्वास. पण सरळ 'दोन्हीकडे सारखंच' म्हणू नका. भारतात प्रश्न होता उच्च शिक्षणावर सरकारी पैसा कोणत्या भाषेतून खर्च करायचा. वेल्समध्ये प्रश्न होता गावच्या शाळेतल्या मजुराच्या मुलाचा.

---

शेवंतीची_फुलं

मुलांनी स्वतः पट्टी गळ्यात घालून बघण्याचा उपक्रम काही ठिकाणी करतात म्हणे. चालेल का?

---

निळी_फाईल

माझं मत: नको. एका मुलाला अपमान भोगायला लावून इतिहास कळत नाही, तेवढा एक तास त्याला आयुष्यभर लक्षात राहतो. घरी वेल्श किंवा अजून कोणती भाषा बोलणारी मुलं वर्गात असतात, हे तर वेगळंच. पट्टीची प्रतिकृती किंवा छायाचित्र टेबलावर ठेवा, हातात घेऊ द्या, बस.

टोलनाक्याच्या खेळात आणि यात फरक हा की तिथे दाणे जातात, इथे माणूस जातो.

---

आडवाट

याच न्यायाने आबरवान. २१ ऑक्टोबर १९६६, कोळसा खाणीतल्या टाकाऊ मालाचा डोंगर, टिप क्रमांक ७, शाळेवर कोसळला. १४४ मृत्यू, त्यांत ११६ मुलं. शोधकार्याची चलचित्रं दाखवू नका. त्या खोऱ्यांतल्या शाळांत तर आधी पालकांना पत्र पाठवा, काही कुटुंबांच्या घरातली गोष्ट आहे ती.

त्याऐवजी कागद वापरा. चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ मध्ये राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरवलं. तरीही उरलेले ढिगारे हलवायला लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून १,५०,००० पौंड घेतले गेले. १९९७ मध्ये तेवढीच रक्कम, व्याज न धरता, परत केली. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी मोठी रक्कम दिली. मुलांना चार तारखा आणि तीन रकमा द्या, बाकी काही नको. प्रश्न: १९९७ मध्ये दिलेले दीड लाख 'तेच' दीड लाख होते का? भाववाढीचं गणित त्यांनीच शोधायचं. संताप आणण्यासाठी चित्रांची गरज पडत नाही.

---

लेणीवाला

आतापर्यंत सगळं कोळसा आणि टोल. वेल्स आणि साम्राज्य यावर थोडं. तिथल्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय, आशियाई आणि अल्पसंख्य समाजांचा इतिहास शिकवणं सक्तीचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्यात 'वेल्समध्ये आलेले लोक' एवढंच येतं. वेल्समधून बाहेर गेलेलेही घ्या.

पोइस किल्ला, वेल्शपूल. तिथे श्रीरंगपट्टणहून आलेल्या वस्तू आहेत, टिपू सुलतानाच्या छिटाच्या तंबूसह. इथे बहुतेक कार्यपत्रिका चुकतात: 'रॉबर्ट क्लाइव्हने टिपूला हरवून आणलं.' रॉबर्ट क्लाइव्ह १७७४ मध्ये वारला, टिपू ४ मे १७९९ ला पडला. दुवा आहे त्याचा मुलगा एडवर्ड. त्याने १७८४ मध्ये पोइसच्या हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रिएटाशी लग्न केलं आणि १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता. कृती: एका वस्तूचं छायाचित्र द्या, आणि ४० शब्दांत संग्रहालयाची पाटी लिहायला सांगा. अट एकच, 'आणली' हे क्रियापद वापरायचं नाही. 'लुटली, विकत घेतली, वाटणीत मिळाली, भेट मिळाली' यातलं एक निवडायचं आणि पुरावा काय ते सांगायचं. ४० शब्दांची मर्यादा कडक ठेवा, नाहीतर निबंध येतात.

जॉन ग्रिफिथ्स. जन्म १८३७, मॉन्टगोमरीशरमधलं लानवेर काइराइन्यन. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षक, पुढे प्राचार्य. १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती त्याच्या देखरेखीखाली झाल्या. प्रत्यक्ष रंगवणारे मुख्यतः जे. जे. चे विद्यार्थी, पेस्तनजी बोमनजी त्यांतले एक. प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५ मधल्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत.

यातून तासिका कशी: तीन चित्रं शेजारी. लेण्यातल्या भिंतीचं आजचं छायाचित्र, त्याच भागाची प्रतिकृती, आणि १८९६-९७ च्या ग्रिफिथ्सच्या ग्रंथातलं छापील पान. प्रत्येकावर तीन निळ्या खुणा: इथे काय जास्त स्पष्ट आहे? मग प्रश्न: प्रतिकृती मूळ भिंतीपेक्षा जास्त विश्वासार्ह पुरावा असू शकते का? भिंत नंतरच्या काळात आणखी झिजली असेल तर? आणि चित्राखाली नाव कोणाचं लिहायचं? शेवटच्या प्रश्नावर मुलं आपापसात भांडतात, तेच हवं आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांनाही ही तासिका उलट्या बाजूने चालेल, अजिंठा सहलीच्या आधीच्या आठवड्यात.

---

दगडी_पाटी

झकास. एक पुरवणी: चित्रं कुठूनही उचलू नका. 'पीपल्स कलेक्शन वेल्स'वरची बरीचशी चित्रं शिक्षणासाठी, विनाव्यापार वापरायला खुली आहेत, पण प्रत्येकाखालचा परवाना वाचा. संग्रहालयाची चित्रं वर्गात दाखवणं वेगळं आणि तयार कार्यपत्रिका विकायला ठेवणं वेगळं.

---

सहलप्रमुख

सहलींबद्दल पटकन. कादूच्या किल्ल्यांत शाळांना स्वतः नेलेल्या शैक्षणिक भेटीसाठी प्रवेश फुकट आहे, पण आगाऊ नोंदणी हवी. दारात जाऊन 'आम्ही शाळा' म्हटलं तर चालत नाही.

कॉनवी, काइरनार्वन, हार्लेख, ब्यूमारिस हे पहिल्या एडवर्डचे चार किल्ले १९८६ पासून जागतिक वारशात. तिथे मुलांना भिंतीची जाडी मोजायला लावण्यापेक्षा एकच प्रश्न द्या: जमिनीकडून वेढा पडला तर अन्न कुठून येणार? चारही किल्ल्यांत उत्तर पाण्याकडे जातं. १२९४-९५ मध्ये मॅडॉगने इंग्रजांविरुद्ध केलेल्या वेल्श उठावात हार्लेख समुद्रमार्गे आलेल्या रसदीवर तगला. सिंधुदुर्ग पाहिलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही.

आणि सेंट फॅगन्स, कार्डिफजवळचं खुलं संग्रहालय. तिथे मर्थरहून दगड-दगड उचलून आणलेली रिदकारची सहा घरांची चाळ आहे. एकाच ओळीतली घरं, पण आतलं सामान १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५, १९८५ असं लावलेलं. सहा गट, एका घरात आठ मिनिटं, एका वेळी सहा-सातच मुलं, कारण आत जागा नाही. प्रत्येक घरात चारच गोष्टी टिपायच्या: उजेड कशाचा, पाणी कुठून, चूल कसली, झोपायचं कुठे. वर्गात परतल्यावर ६ × ४ चा तक्ता. मग विचारा, सर्वांत मोठी उडी कोणत्या दोन घरांमध्ये? बहुतेक मुलं १९५५-१९८५ म्हणतात, कारण टीव्ही दिसतो. पाण्याचा रकाना एकट्याने वाचायला सांगा, उत्तर बदलतं.

घरं क्रमाने पाहू देऊ नका. क्रमाने पाहिलं की 'दिवसेंदिवस सगळं सुधारत गेलं' ही गोष्ट मुलं चालता चालताच रचतात. गट वेगवेगळ्या घरांपासून सुरू करा.

---

आलेख_कागद

पावसात काय?

---

सहलप्रमुख

वेल्स आहे, पाऊस धरूनच चाला. वहीऐवजी पाठीमागे जाड पुठ्ठा असलेला एकच ए-४ कागद, वर पारदर्शक पिशवी, आणि पेन नको, पेन्सिल. ओल्या कागदावर पेन उमटत नाही, जेल पेन तर वाहतं. पेन्सिल दोऱ्याने पुठ्ठ्याला बांधा, नाहीतर पहिल्याच घरात दहा हरवतात.

---

टोलनाका

रिदकारचा क्रम मोडण्याची युक्ती आमच्या नऊ पत्त्यांनाही लागू होते, कार्डांवर वर्षं छापू नका, मागच्या बाजूला लिहा. मूळ धाग्यात तसा बदल करतो. हेंडीच्या निकालपत्राची १४ च्या टंकातली प्रत कोणी तयार केली असेल तर इथे शब्दसंख्या आणि समासातले अवघड शब्द कळवा, म्हणजे दुसऱ्या कोणाला पुन्हा टाइप करत बसायला नको.